एम ६७ चा फोटो : दिसायला छान की मोजायला योग्य?

खुल्या तारकागुच्छाचा फोटो सुंदर आला म्हणजे तो मोजण्याजोगा आला, असं नाही. कर्क राशीतला एम ६७ घेऊन बघू. आकाशात तो जवळपास पूर्णचंद्राएवढी जागा घेतो. ८० मिमीची दुर्बीण, डीएसएलआर आणि ट्रॅकिंग करणारं माउंट एवढ्यावर काम होतं.

यातले तारे साधारण एकाच वेळी जन्मले आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून त्यांच्या तेजातला फरक हा खरा फरक असतो. निळ्या आणि हिरव्या चॅनेलवरून प्रत्येक ताऱ्याचा रंग काढा, तेजासोबत आलेखावर मांडा. मुख्य अनुक्रम जिथे वळतो, तिथून गुच्छाचं वय कळतं : सुमारे ४ अब्ज वर्षं, म्हणजे जवळपास सूर्याएवढं.

मेख इथेच आहे. एक्सपोजर लांबवलं की मंद तारे दिसू लागतात, पण तेजस्वी तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे पिक्सेल भरून जातात. ते पांढरे दिसतात आणि त्यांचा रंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. आलेखाचा वरचा भागच खोटा ठरतो!

म्हणून छोट्या एक्सपोजरचे पुष्कळ फोटो रॉ स्वरूपात घ्या, नंतर जुळवून सरासरी काढा. पहिल्याच फ्रेममध्ये सर्वांत तेजस्वी ताऱ्याचं पिक्सेल मूल्य तपासा. ते कमाल मर्यादेच्या बरंच खाली हवं. डार्क आणि फ्लॅटही घ्याच. फ्लॅट नसेल तर कडेचे तारे उगाच मंद मोजले जातात.

फोटो खुलवायचाय? खुशाल खुलवा, पण प्रतीवर. मोजमाप मूळ फाइलवरच.