यादीत नाव आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

निवडणूक म्हटली की सभा आठवतात, भोंगे आठवतात, कोपऱ्याकोपऱ्यावरचे फलक आठवतात. मतदानाच्या दिवशी बोटाला लागणारी शाई आठवते. पण या सगळ्याच्या आधी एक अगदी रूक्ष गोष्ट असते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे मतदार यादी. सोलापुरात मतदारांना मदत करणाऱ्या एका लहानशा गटाबरोबर मी काही वर्षं काम करते. आमचा गट कुठल्याही पक्षाचा नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजातली मुलं-मुली, एकदोन वकील असे आम्ही पंचवीस-तीस जण आहोत. रविवारी सकाळी एखाद्या चौकात टेबल मांडायचं आणि येईल त्याचं नाव यादीत शोधून द्यायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात काय काय असतं, ते आज सांगायचं आहे.

टेबलाशी येणारा प्रत्येक दुसरा माणूस ओळखपत्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘माझ्याकडे कार्ड आहे, मला काय अडचण?’ इथूनच समजावून सांगायला सुरुवात करावी लागते. मतदान करता येतं ते यादीत नाव असल्यामुळे. कार्डाचं काम ओळख पटवण्याचं आहे. नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड अशा आयोगानं ठरवून दिलेल्या कागदांपैकी एक दाखवून मत देता येतं. पण कार्ड खिशात आहे आणि नाव यादीत नाही, तर केंद्रावरचा कुठलाही अधिकारी मत देऊ देणार नाही. तसा त्याला अधिकारच नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठीसुद्धा २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक कळावा म्हणून असते.

मग नाव जातं कुठे? त्यामागे दर वेळी कुणाचं कारस्थान असतंच असं नाही. माणूस राहतं घर सोडतो, पडताळणीला कुणी आलं तेव्हा दाराला कुलूप असतं, लग्न होऊन मुलगी दुसऱ्या घरी जाते. कायदा म्हणतो, जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे तुमचं नाव असावं, आणि ते एकाच ठिकाणी असावं. सोलापूर शहर विधानसभेच्या शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण अशा तीन मतदारसंघांत विभागलेलं आहे. चार गल्ल्या पलीकडे भाड्यानं घर घेतलं तरी मतदारसंघ बदलू शकतो. माणसाला वाटतं, मी तर याच गावात आहे!

याचं मोठं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. शहराजवळ कुंभारीला कामगारांसाठी उभारलेल्या रे नगर वसाहतीतली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना देण्यात आली. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, कागद-काच वेचणाऱ्या स्त्रिया, रिक्षावाले अशांची ही वसाहत. आयुष्यभर शहरातल्या दाट वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेल्या माणसाला स्वतःचं घर मिळालं की तो आधी वीज बघतो, नळ बघतो, मुलांची शाळा बघतो. मतदार यादी त्याच्या गणतीत नसते. लोकसभेचं मतदान इथे ७ मे २०२४ रोजी होतं आणि उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती १९ एप्रिल. ही दुसरी तारीख लोकांना ठाऊक नसते, पण मतदारासाठी तीच महत्त्वाची. त्या तारखेनंतर यादीत नवं नाव येत नाही, जुनं जात नाही, पत्ताही बदलत नाही. शिवाय आलेल्या अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे अर्ज त्याच्याही किमान दहा दिवस आधी गेला पाहिजे. मतदानाच्या आठवड्यात आमच्याकडे धावत येणाऱ्यांना हेच सांगावं लागतं, आणि ते सांगताना जीव थोडा होतो.

अर्ज तीनच लक्षात ठेवावेत. नवं नाव घालायचं तर नमुना ६. नाव वगळायचं किंवा एखाद्या नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७. पत्ता बदलणं, चुकीची दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड, अपंगत्वाची नोंद या सगळ्यांसाठी नमुना ८. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, पण बरीच वर्षं फक्त १ जानेवारीला १८ पूर्ण असणाऱ्यालाच त्या वर्षीच्या यादीत जागा मिळे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. अकरावी-बारावीच्या वर्गात जाऊन हे सांगितलं की मुलांचे चेहरे खुलतात.

अर्ज आम्ही भरायला मदत करतो, पण देतो ज्याचा तोच. गठ्ठ्यानं आणलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत. एकाच घरातल्या माणसांचे अर्ज मात्र एकत्र देता येतात. हा नियम सुरुवातीला आमच्या उत्साही मुलांना जाचक वाटला. पण विचार केला तर तो योग्यच आहे. उद्या कुणीही उठून शंभर अर्ज आणून टाकील. म्हणून आम्ही मोबाइलवर त्या माणसाकडूनच अर्ज भरून घेतो, किंवा कागदी अर्ज त्याच्या हातात देऊन त्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, पाठवतो. अर्जाचा संदर्भ क्रमांक त्याला वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो. आधार कार्डाची झेरॉक्स आमच्याकडे ठेवून घेत नाही. गरीब माणसाचे कागद दहा ठिकाणी पडून असतात. त्यात आमची भर नको.

सोलापूरची म्हणून एक वेगळी अडचण आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी मोठी वस्ती आहे आणि कन्नड तर शहरभर ऐकू येतं. यादी मराठीत छापलेली. एकाच बाईचं नाव रेशनकार्डावर नरसम्मा, यादीत नरसव्वा आणि बँकेत नर्साबाई असू शकतं. मोबाइलवर नाव टाकून शोधलं की ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि बाई घाबरते. खरं तर नाव असतं, अक्षर वेगळं असतं. अशा वेळी कार्डावरच्या क्रमांकानं शोधावं, तेही जमलं नाही तर शेजारणीचा यादीभाग काढून घरक्रमांकावरून बोट फिरवत जावं. आमच्यातल्या तेलुगू येणाऱ्या दोन मुली या कामात इतक्या तरबेज झाल्या आहेत की नुसत्या उच्चारावरून यादीत ते कसं छापलं असेल हे सांगतात.

आता निःपक्षपातीपणाबद्दल. लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘तुम्ही कुणाचे?’ कुणाचेच नाही म्हटलं की संशय वाढतो. आमचे काही साधे नियम आहेत. पक्षाचा पदाधिकारी आमच्या टेबलावर बसत नाही. उमेदवाराचा चहासुद्धा घेत नाही. मत कुणाला देणार किंवा दिलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मतदारांना फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं गाड्या लावणं कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतो, म्हणून तसा संशयही नको, आम्ही गाड्यांच्या भानगडीत पडत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत टेबल मांडत नाही.

पण खरी कसोटी याहून अवघड आहे. टेबल कुठे मांडायचं? आमच्यातल्या प्रत्येकाला आपापली मतं आहेत, आणि कुठल्या वस्तीत कुणाचा जोर हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तोंडानं एक अक्षर न बोलता, फक्त ठरावीक वस्त्यांत मदत करूनसुद्धा एखाद्या पक्षाचं काम करता येतं. यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी असं ठरलं की मतदान केंद्रांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल तिथे जायचं, आवडो न आवडो.

एकदा एक गृहस्थ चाळीसएक नावांची यादी घेऊन आले. ‘ही माणसं इथे राहत नाहीत, नमुना ७ भरून द्या,’ म्हणाले. मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराला हरकत घ्यायचा हक्क आहे हे खरं. पण खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते हेही खरं. आम्ही त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि अर्ज भरून द्यायला नकार दिला. घरातलं कुणी वारलं आणि घरचेच वगळणीसाठी आले, तरच आम्ही नमुना ७ ला हात लावतो. ते गृहस्थ रागानं निघून गेले. पुढच्या रविवारी त्या यादीतली काही घरं आम्ही पाहिली. बहुतेक ठिकाणी माणसं दारातच बसलेली होती.

दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘ताई, मत कुणाला देऊ?’ विचारणारी बाई मनापासून विचारते, आणि तिला नुसतं ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून वाटेला लावणं मला बरं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. ती प्रतिज्ञापत्रं कुणालाही पाहता येतात. कुणी सांगितलं तर आम्ही ती वाचून दाखवतो, पण वाचायची तर सगळ्यांची, यादीतल्या क्रमानं, आणि आवाज न बदलता. यांतलं कुणीच नको असेल तर २०१३ पासून ‘नोटा’चं बटण आहे, हेही सांगतो.

भीतीचं काय? ‘कुणाला मत दिलं ते त्यांना कळतं म्हणे,’ असं बायका हळूच बोलतात. मग यंत्राची माहिती द्यावी लागते. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, पेटीत पडते, तिच्यावर तुमचं नाव नसतं. आईबरोबर आत जाऊन ‘बरोबर’ बटण दाबायला निघालेले मुलगेही भेटतात. दिसत नसेल किंवा शारीरिक दुबळेपणामुळे मत देता येत नसेल, तरच सोबती नेता येतो. तो १८ वर्षांचा तरी हवा आणि त्या दिवशी त्यानं दुसऱ्या कुणाचा सोबती होता कामा नये. लिहितावाचता येत नाही एवढ्यावर सोबती मिळत नाही. त्यासाठीच तर चिन्हं आहेत! लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या वृद्धांना आणि ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो.

एक गोष्ट तर शिकलेल्यांनाही माहीत नसते. आपण केंद्रावर गेलो आणि आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असलं, तर परत फिरू नये. केंद्राध्यक्षांकडे जावं, ते ओळखीबद्दल विचारतील त्याची उत्तरं द्यावीत. खात्री पटली की ते कागदी मतपत्रिका देतात. याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या लखोट्यात राहतं आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर त्याला अर्थ येतो. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मतानं हरले. ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. पुढच्या न्यायालयीन वादात प्रदत्त मतांचाच प्रश्न उभा राहिला. आमच्या माहितीतले एक निवृत्त गिरणी कामगार असेच अडले होते. केंद्राबाहेर कुणीतरी त्यांना ‘झालं तुमचं मत, जा घरी,’ म्हणालं. ते पुन्हा आत गेले, अर्धा तास उभे राहिले आणि कागदावर शिक्का मारूनच बाहेर आले. ‘मोजा नाहीतर नका मोजू, मी येऊन गेलो हे तर लिहिलं गेलं,’ एवढंच बोलले.

या कामाला पैसा लागत नाही, भाषण करावं लागत नाही. लागतो तो रविवारचा एक तास आणि चिकाटी. निवडणूक जवळ नसतानाच हे करण्यात शहाणपण आहे. आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा १९५० या क्रमांकावर आधी स्वतःचं नाव तपासावं, मग घरातल्यांचं. त्यानंतर घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना, इमारतीच्या रखवालदाराला, नुकत्याच राहायला आलेल्या शेजाऱ्याला विचारावं: यादीत नाव आहे का? नसेल तर नमुना हातात द्यावा. मग ते मत कुणाला देतात, ते मात्र विचारू नये.