तुमच्या ग्राहकाकडे सॉफ्टवेअरची नक्की कुठली आवृत्ती चालते?



तालुक्यातल्या दहा-पंधरा दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर बनवून द्यायचं आणि वर्षाला मेंटेनन्सचे पैसे घ्यायचे, असा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताय. धंदा चांगला आहे. पण कोड लिहिता येणं हे त्यातलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं मी ऐन दिवाळीत शिकलो.

वसुबारसेचा दिवस. एका कापड दुकानातून फोन, "साहेब, बिलाची पीडीएफच निघत नाही." आदल्या रात्री मी एक छोटी दुरुस्ती सर्व्हरवर चढवली होती. म्हटलं, जुनं परत टाकू. पण जुनं म्हणजे कुठलं? गिट वापरत होतो, कमिट शेकड्याने होते. त्यातलं नेमकं कुठलं काल संध्याकाळपर्यंत त्या दुकानात चालत होतं, याची नोंद कुठेच नाही! अंदाजाने एक टाकलं, तरी पीडीएफ निघेना. कारण चूक माझ्या कोडमध्ये नव्हतीच. दुरुस्ती चढवताना मी 'कंपोझर अपडेट' चालवलं होतं आणि पीडीएफ बनवणारी बाहेरची लायब्ररी गुपचूप नव्या आवृत्तीवर गेली होती. तीन तास मालक हाताने बिलं लिहीत बसले. पुढच्या वर्षी त्यांनी करार केला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केला नसता.

आता बघा, औषधाच्या पाकिटावर बॅच नंबर असतो ना? गिटमधला टॅग म्हणजे तेच. ग्राहकाला माल देण्याआधी त्या कमिटवर १.४.२ असा टॅग लावा. चूक दुरुस्त केली की शेवटचा आकडा वाढवा, नवी सोय दिली की मधला, आणि जुन्या गोष्टी मोडणारा बदल असेल तर पहिला. टॅग लावताना 'अ‍ॅनोटेटेड' प्रकारचा लावा, म्हणजे कोणी, कधी, कशासाठी लावला हेही त्यात राहतं. इथे नवे लोक हमखास फसतात: साध्या 'गिट पुश'ने टॅग वर जात नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात. आणि एकदा दिलेला टॅग दुसऱ्या कमिटवर सरकवायचा नाही. कापलेल्या बिलाचा नंबर आपण दुसऱ्या बिलाला देतो का?

राहिली बाहेरची लायब्ररी. ती दुसऱ्याच्या हातात असते, हे विसरू नका. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतला आणि जगभरातल्या कितीतरी प्रोजेक्टची बांधणी अडली. जानेवारी २०२२ मध्ये तर 'कलर्स' या लायब्ररीच्या लेखकाने मुद्दाम बिघाड घालून नवी आवृत्ती सोडली. अनेकांच्या स्क्रीनवर निरर्थक अक्षरं धावायला लागली, थांबेचनात. ज्यांनी जुनी १.४.० हीच आवृत्ती पक्की बांधून ठेवली होती, त्यांना काहीच झालं नाही.

ही गाठ बांधते लॉक फाइल. पीएचपीत 'कंपोझर डॉट लॉक', नोडमध्ये 'पॅकेज-लॉक'. माझ्याकडे ती होती, पण फालतू फाइल समजून मी ती गिटमधून वगळली होती! ती कमिट करा. सर्व्हरवर 'अपडेट' कधीच नको, फक्त 'इन्स्टॉल'. ते लॉकमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या आणतं. नोडवाल्यांसाठी 'एनपीएम सीआय'.

याचा अर्थ वर्षानुवर्षं जुनंच चालवायचं असा नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्याव्याच लागतात. पण त्या आपल्या मशीनवर, सणासुदीचे दिवस टाळून. पीडीएफ काढून बघायची, नवी लॉक फाइल कमिट करायची, नवा टॅग लावायचा, मगच दुकानात.

आज रात्री एक वही घ्या. डाव्या बाजूला ग्राहकाचं नाव, उजवीकडे त्याच्याकडचा टॅग आणि तारीख. ज्याच्यापुढे जागा रिकामी राहील, त्याला उद्या सकाळी पहिला फोन.