गाजराची आडवाट

गाजर किसलं की बोटं केशरी होतात. नुसत्या पाण्याने रंग ढिम्म हलत नाही, तेलाचं बोट फिरवलं की सुटायला लागतो. पोटात पुढे जे घडतं, त्याचं गुपित इथेच आहे. हा रंग बीटा कॅरोटीनचा. त्याचं पाण्याशी मुळीच जमत नाही, आणि आपलं आतडं तर पाणीच पाणी!

त्यात हे कॅरोटीन गाजराच्या पेशींत भिंतीआड, बारीक स्फटिक होऊन बसलेलं. किसलं, शिजवलं, नीट चावलं की भिंती फुटतात. पण बाहेर पडून जायचं कुठे? तेल भेटलं तर त्यात विरघळायचं, नाहीतर तसंच पुढे वाहून जायचं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात माणसांना भाज्यांचं सॅलड दिलं: एकदा बिनतेलाचं, एकदा 6 ग्रॅम तेलाचं, एकदा 28 ग्रॅमचं. बिनतेलाचं खाल्ल्यावर कॅरोटीन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. डाएटपायी कोशिंबिरीची फोडणी गाळणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांची गाजरं बहुतेक फुकट जात असावीत.

तेलाचं पचन होताना पित्त त्याचे काही नॅनोमीटरचे कण करतं. त्यांत बसून कॅरोटीन आतड्याच्या पेशीत शिरतं. तिथे एक एन्झाइम त्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे करतं आणि त्यांतून अ जीवनसत्त्व तयार होतं. शरीरात ते पुरेसं असेल तर पेशी दार ओढून घेते. म्हणून गाजरांचा अतिरेक केला तर तळहात पिवळे पडतील, पण अ जीवनसत्त्वाची बाधा होत नाही.

साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते. कॅरोटीन मात्र आडवाटेने निघतं. मेदाच्या गोळ्यांत बांधलं जाऊन ते लसिकेच्या (लिम्फच्या) वाहिन्यांत उतरतं, छातीतून वर चढतं आणि गळ्याच्या पायथ्याशी, डाव्या बाजूला, रक्तात मिसळतं.

ही वाट 1622 साली मिलानमध्ये शरीररचनातज्ज्ञ गास्पारे आसेल्ली यांना अचानक दिसली. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं! आधी त्यांना त्या नसा वाटल्या. एक दोरा कापला, तर दुधासारखा रस ओघळला. मग त्यांनी उपाशी कुत्रा तपासला. त्याच्या पोटात एकही पांढरा दोरा दिसेना.