कोल्हापूरच्या गादीमागील तीन राण्या

छत्रपतींच्या दोन गाद्यांचा वाद शिकवताना आपण शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी ही दोन नावे घेतो, ‘भाऊबंदकी’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या शब्दात सवती, जावा, विधवा कोठेच बसत नाहीत. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या गादीचे भवितव्य बरेचसे तीन राण्यांनी ठरवले, आणि त्यांतील दोघींची माहेरे आपल्या शेजारची: एक कागल, दुसरे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले तोरगल.

राजाराम महाराज १७०० मध्ये वारले. हंबीरराव मोहित्यांची कन्या ताराबाई यांनी मुलगा शिवाजी याच्या नावाने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहूंचा हक्क मात्र त्यांनी मानला नाही. खेडला पराभव झाल्यावर त्यांनी पन्हाळ्यास वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाई, कागलच्या घाटग्यांची लेक, यांनी आपल्या संभाजीला त्याच गादीवर बसवून ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले. दोघींचा आधार एकच होता: मुलगा.

तोरगलकर शिंद्यांच्या जिजाबाईंजवळ नेमका तोच नव्हता. त्यांचे पती संभाजी १७६० च्या अखेरीस निपुत्रिक वारले, आणि कोल्हापूर साताऱ्यात विलीन करावे असा पेशव्यांचा विचार होता. जिजाबाईंनी सवत कुसाबाई गरोदर असल्याचे सांगून वेळ मिळवला. पुढे १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. आमच्या मते तिघींत ही चाल सर्वांत कठीण. इंग्लंडमधील गुलाबांच्या युद्धात राणी मार्गारेट हिनेही मुलाच्या हक्कासाठी फौजा उभ्या केल्या होत्या. १४७१ मध्ये ट्यूक्सबरीला तो मारला गेला आणि तिचे राजकारण तेथेच संपले. जिजाबाईंचे राजकारण वारस नसताना सुरू झाले.

अर्थात दत्तकाची मान्यता वरिष्ठ सत्तेच्या हाती असे. पेशव्यांनी ती दिली. पुढे १८२४ मध्ये, याच जिल्ह्यात, कित्तूरचे दत्तक कंपनी सरकारने नाकारले, तेव्हा काकतीच्या देसाई घराण्यातील राणी चेन्नम्मांना शस्त्र उचलावे लागले.