बिडीचा घाट

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे स्थळ तेथील विस्तीर्ण जलाशयामुळे प्रवाशांच्या परिचयाचे आहे. परंतु नागझिऱ्याच्या अरण्याशेजारच्या या मुलखात तेंदूच्या पानावर जी हस्तकला पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, तिचे मर्म जाणावयाचे, तर मांडीवर सूप घेऊन ओसरीवर बसलेल्या बिडीकामगार स्त्रीचे हात स्वस्थपणे न्याहाळावे लागतात.

बिडी ही वस्तुतः पानाचीच केलेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी धूम्रनलिका होय, आणि तिचा घाट वळण्याच्या पुष्कळ आधी अरण्यातच घडू लागतो. उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली जातात. पुढे फुटणारी मऊ, लवचिक पाने एप्रिल-मे महिन्यांत तोडून, एका पुड्यात 70 पाने या हिशेबाने बांधून, उन्हात वाळविली जातात.

ही वाळकी पाने भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. ओल कमी पडली तर पान घडीवर तडकते, अधिक झाली तर वाळताना आकसून बिडी सैल पडते. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरते. फर्मा सर्वांचा एकच. पण तो कोठे ठेवावा, जाड शीर कशी टाळावी, बारीक शिरांचा कल वळणाच्या दिशेशी कसा जुळवावा, हा विवेक ज्याच्या त्याच्या नजरेचा. ओसरीवरील एक वयस्क बाई म्हणाल्या, “पान बराबर कापलं का बिडी आपसूक वळते जी.”

चिमूटभर जर्दा पानावर पसरताना तो रुंद बाजूस किंचित अधिक आणि निमुळत्या बाजूस कमी असावा लागतो. मध्येच गोळा झाला तर पोटाशी फुगवटा येतो, पोकळी राहिली तर बिडी एकीकडूनच जळत जाते. नवशिकी मुलगी घाट सुधारण्यासाठी बोटे अधिक दाबते आणि धूर कोंडतो. जाणती बाई मात्र दाब न वाढविता जर्द्याची पसरण सुधारते, पान तिरके धरून एकाच ओघात वळते, रुंद तोंड दुमडून मिटते आणि निमुळत्या टोकाशी दोऱ्याचे वेढे देते.

या प्रमाणबद्धतेवर मजुरीही अवलंबून असते. मजुरी हजारी दराने मिळते, आणि सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे, माल गेल्यावर बेढब बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानंतर महाराष्ट्राच्या नियमांनी सामान्यतः शेकडा 5 हून अधिक छाट काढण्यास मज्जाव केला, तो मनमानी छाटीने मजुरी बुडू नये यासाठी. पान मुळातच निकृष्ट असेल, तर त्याचा दोष वळणारीच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय.

बिडीचे व्यसन घातक आहे आणि जर्द्याची धूळ वळणाऱ्यांच्याही छातीत जाते. म्हणून या धंद्याचे गौरवगान करण्याचे कारण नाही. तथापि ओल, शीर, वजन आणि दाब यांचा मेळ क्षणार्धात घालणारी ही बोटे कुशल कारागिराचीच आहेत. त्यांना अकुशल मजूर समजण्याची आपली सवय मोडली पाहिजे. उद्या हा धंदा ओसरला, तर याच कौशल्याला दुसरे सन्मान्य आणि निरोगी काम मिळवून देण्याची जबाबदारी समाजाची व सरकारची आहे.