बी.बी. बदलायची? जुना एक्सल खिशात घेऊनच दुकानात जा

मृगाचा पाऊस नुकताच झाला होता. सेलूहून सायकलनं वर्ध्याला निघालो आणि पवनारला धाम नदीचा पूल ओलांडला, तोच पायडलखालून कटकट सुरू झाली. पुढं एका चढावर चक्र जाम झालं. उरलेली वाट सायकल हातात धरून पायी काढली. वर्ध्यातल्या मिस्त्रीनं डाव्या बाजूची कटोरी खोलली, आतून काळा चिखल आणि चार-पाच फुटके छर्रे हातावर घेतले अन् म्हणाला, "भाऊ, एक्सल तं गेलाच हाय, कटोऱ्याही खाल्ल्या त्यानं. पूरा सेटच टाका लागते."

सेट टाकला. तिथून सेलूपर्यंत ठीक आलो, पण आठ दिवसांत चेन उतरायला लागली आणि चक्र मागच्या पाइपाला घासू लागलं. नवा एक्सल जुन्यापेक्षा आखूड होता. मिस्त्रीजवळ जो होता तो त्यानं बसवला, अन् मीही विचारलं नाही. दोनदा मजुरी गेली, दोन दिवस गेले. ज्याचं दूध सकाळी सातच्या आत पोचलं पाहिजे, त्याला असे दोन दिवस परवडत नाहीत.

बी.बी. म्हणजे फ्रेमच्या बुडाशी जिथं सगळे पाइप एकत्र येतात, त्या आडव्या नळीतला सगळा संच. मधे एक्सल, दोन्ही बाजूंना आट्यांच्या कटोऱ्या, त्यात छर्रे. आपल्या काळ्या मातीत अन् पांदण रस्त्यावर हा भाग सर्वांत आधी मरतो. चिखल खालून चिकटतो हे सगळ्यांना दिसतं. पण सीटच्या पाइपातूनही पाणी सरळ खाली उतरतं आणि त्याच नळीत साचतं, हे फारसं कोणी ध्यानात घेत नाही. ग्रीस धुऊन गेलं की लोखंडावर लोखंड फिरतं. सायकल नाल्यात उभी करून धुणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

दुकानात जायच्या आधी दोष नेमका कुठं आहे ते घरीच पाहता येतं. दोन्ही क्रँक हातात धरा आणि आडवे हलवून पाहा. दोन्ही एकदमच हलत असतील तर ढिलाई बी.बी.त आहे. एकच हलत असेल तर कॉटर पिन झिजली, बी.बी.ला हात लावायचं कारण नाही. नुसती ढिलाई असेल तर डाव्या बाजूची रिंग सैल करून कटोरी थोडी आवळली तरी काम भागतं. पण फिरवताना खरखर लागत असेल, तर खोलून एक्सल पुसा आणि छर्रे फिरतात त्या जागेवरून नख फिरवा. नख अडलं, खड्डे लागले, की तो एक्सल गेला. अशा एक्सलवर नवे छर्रे टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या छर्ऱ्यांत दोन-चार नवे मिसळू नयेत, नव्या मोठ्यांवरच सगळा भार येतो. साध्या काळ्या सायकलीत साधारणपणे पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, असे पडतात.

आता खरेदी. जुना एक्सल आणि दोन्ही कटोऱ्या फडक्यात बांधून न्याव्यात. "हीरोची द्या", "ॲटलसची द्या" एवढ्यावर दुकानदाराला माप कळत नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना तर जून 2020 मध्ये बंद पडला. सायकल चालूच आहे, सुटे भाग दुसऱ्याचे मिळतात, म्हणून नावापेक्षा माप पाहावं. नवा अन् जुना एक्सल शेजारी-शेजारी उभे धरा. एकूण लांबी जुळली म्हणून लगेच होकार देऊ नका. छर्रे बसतात त्या दोन खांद्यांमधलं अंतरही जुळलं पाहिजे. ते जास्त असेल तर डावी कटोरी बाहेर राहते, दोन-तीन आट्यांवरच लटकते. कमी असेल तर ती आत बुडते आणि रिंगला धरायला आटेच उरत नाहीत. आणखी एक गोष्ट : एक्सलची एक बाजू बहुधा लांब असते, ती चक्राकडे, म्हणजे उजवीकडे, जाते. उलटा बसला की चेनची रेघ चुकलीच.

कटोऱ्यांच्या आट्यांची भानगड वेगळी. नेहमीच्या इंग्लिश मापात इंचाला 24 आटे असतात. घरात आजोबांची नॉटिंगहॅमची विलायती रॅले असेल तर तिला 26 असतात, नळीही रुंद असते. दोन्ही कटोऱ्या दिसायला सारख्याच. एक-दोन फेरे हातानं बसतात, मग अडतात. तिथं पान्ह्याला पाइप अडकवून ओढलं, की फ्रेमचे आटे गेले म्हणून समजा. मग कटोरीला वेल्डिंग मारणारे महाभागही पाहिले आहेत. ती सायकल पुन्हा कधी खोलता येत नाही. उजव्या कटोरीचे आटे उलटे असतात, ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली की निघते. नव्या पोरांच्या हे ध्यानात नसतं अन् खोलतो म्हणून ते आवळत बसतात.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. मुलींच्या सायकलींत कॉटरवाल्याही दिसतात आणि चौकोनी टोकाच्या एक्सलच्याही. मुख्याध्यापक, ग्रामसेवक मंडळींनी दुरुस्तीसाठी एकाच मापाचे सेट मागवून ठेवण्याआधी हा फरक पाहावा. चौकोनी एक्सलला बंद डब्याची बी.बी. मिळते. तिच्यात छर्रे मोजावे लागत नाहीत, पावसातही बरी टिकते. तिच्यावर 68 आणि 122.5 असे आकडे असतात : पहिला नळीची रुंदी, दुसरा एक्सलची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 122.5 च्या जागी 113 घातली तर माझ्यासारखंच चक्र घासेल. ही डब्याची बी.बी. कॉटरच्या सायकलीत घालायची तर क्रँकही बदलावे लागतात. आणि चौकोनी क्रँकचं भोक नट सैल राहून गोल झालं असेल, तर नवी बी.बी. घालूनही ढिलाई जायची नाही.

बसवताना समोर उभं राहा. कॉटर ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडाचा ठोकळा टेकवायला सांगा. आधार नसला तर हातोड्याचा मार सरळ छर्ऱ्यांवर जातो आणि नव्या कटोरीत पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट बाजूनं जातात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. दहा-वीस किलोमीटर सायकल चालली की कॉटरचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या. माझ्या मिस्त्रीनं दुसऱ्या खेपेला हे आवळण्याचे पैसे घेतले नाहीत. "पह्यल्या येळी माहीच चूक होती," म्हणाला.