लवणारं हाड

डिसेंबर-जानेवारीत बालाघाट जिल्ह्यातल्या मुक्कीच्या फाटकातून कान्हाच्या जंगलात शिरलं, की गवताळ माळावर बारासिंग्यांच्या झुंजी दिसू शकतात. दीडशे किलोंच्या वरचे दोन नर शिंगांत शिंगं अडकवतात, खडखडाट होतो, आणि मग दोघं अंगाचा सगळा भार टाकून एकमेकांना रेटत राहतात. एवढ्या रेट्यात ती फांद्याफांद्यांची शिंगं सहसा मोडत नाहीत.

मराठीत बैलाचं ते शिंग आणि बारासिंग्याचंही शिंगच. पण बैलाच्या शिंगावरचं कवच नखाच्या जातीचं, आणि ते जन्मभर डोक्यावर राहतं. बारासिंग्याचं शिंग हे निखळ हाड. ते दर वर्षी गळतं आणि मखमली कातडीखाली नवं वाढतं.

आता हाड म्हणजे दगडासारखी ताठ वस्तू, अशी आपली समजूत. कावडीचा बांबू लवलेला डोळ्यांना दिसतो, हाडाचं लवणं दिसत नाही, एवढाच फरक. पळताना मांडीचं हाड प्रत्येक पावलाला दबतं, वाकतं आणि भार हटताच पूर्ववत होतं. हा बदल हजारात एखाद-दोन भागांचा, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या हाडात जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. हाडाला ताठपणा देतं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, तर चिवटपणा कोलॅजनच्या तंतूंचा. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की खनिज विरघळतं आणि हाड बोटांनी वाकवता येतं.

जॉन करी या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1979 साली तीन हाडं तपासली. गाईच्या मांडीच्या हाडात खनिज सुमारे 67 टक्के, लाल हरणाच्या शिंगात 59, आणि देवमाशाच्या कानातल्या हाडात तब्बल 86. शिंगाचा ताठपणा मांडीच्या हाडाच्या निम्म्याच्या आसपास भरला, पण ते तोडायला साडेतीन पटींहून जास्त ऊर्जा लागली. कानातलं हाड सगळ्यांत ताठ, आणि तुटायला सगळ्यांत सोपं. त्याला धक्के कुठे खायचे असतात? मांडीचं हाड फार लवचीक असतं, तर चालणंच डगमगलं असतं. शिंगाला शरीर तोलायचं नसतं, म्हणून त्याला ही चैन परवडते.

1970 च्या सुमारास कान्हात अवघे 66 बारासिंगे उरले होते. आज हजाराच्या आसपास आहेत. गळून पडलेली शिंगं जंगलातून उचलायला कायद्याची मनाई आहे. साळिंदरं मात्र ती रात्री खुशाल कुरतडतात. त्यांना हवं असतं त्यातलं खनिज.